वाघोलीची वाघी

पुणे स्टेशनवरून नगर रस्त्याची बस पकडली, की आधी बंडगार्डनचा पूल लागतो. मग येरवडा, आगाखान पॅलेस, विमाननगरचा फाटा, चंदननगर, खराडी बायपास. इथपर्यंत आलं की वाटतं, चला, आता बस रिकामी होणार आणि खिडकीजवळची जागा मिळणार. पण छे! इथेच आणखी पंचवीस माणसं चढतात. सगळ्यांना एकाच ठिकाणी जायचं असतं. वाघोलीला! अंतर म्हणाल तर स्टेशनपासून पंधरा-सोळा किलोमीटर. वेळ किती लागतो ते मात्र विचारू नका.

वाघोली आता पुणे शहरातच मोडते. २०२१ साली ती महापालिकेत आली, त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती. रस्त्याला लागूनच वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, शेजारी तळं आहे. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही शाहू महाराज आणि थोरले बाजीराव यांच्याबद्दल वाचलं असेल. त्यांच्या काळातले मोठे सरदार पिलाजी जाधवराव या वाघोलीचे. १७५१ साली ते वारले. त्यांची समाधी देवळाजवळच आहे.

वाघोलीची आणखी एक ओळख म्हणजे दगडाच्या खाणी. इथला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तयार झाला. तो सुरुंग लावून फोडायचा, त्याची खडी करायची आणि ट्रकमध्ये भरून पाठवायची, हा इथला कितीतरी वर्षांचा उद्योग. पुण्यातल्या किती इमारतींच्या पोटात वाघोलीची खडी आहे कोण जाणे! पूर्वी इथे माळरान, बाभळी आणि कातळ होता. आता दहा-दहा, बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत.

त्यातल्याच एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर माझी ताई राहते. संक्रांतीला चार दिवस मी तिच्याकडे गेले होते. तिळगूळ खायचा, देऊळ बघायचं, भरपूर झोपायचं, असा माझा बेत होता. पण घरात पाऊल टाकलं आणि आठवीतला भाचा ओठांवर बोट ठेवून पुढे आला.

‘‘मावशी, दार हळू लाव. ती दचकते.’’

‘‘कोण रे?’’

‘‘वाघी.’’

मला वाटलं, मांजर आणलं असेल. त्याने मला हाताला धरून पुस्तकांच्या कपाटापाशी नेलं. वरच्या फळीवर लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी होती. झाकणाला भोकं पाडलेली. आणि आत, तळाशी, होती एक पाल!

अगदी साधी, आपल्या घराच्या भिंतीवर फिरते तीच. फक्त हिला शेपूट नव्हतं. दाजींनी सरकती खिडकी लावली तेव्हा ते फटीत सापडलं आणि तुटलं. भाच्याला वाटलं, एवढी मोठी जखम झालेली पाल बाहेर टाकली तर मांजर नाहीतर कावळा तिला मटकावणार. म्हणून त्याने तिला बरणीत घातलं. नावही ठेवलं, वाघोलीची म्हणून वाघी.

‘‘अकरा दिवस झाले मावशी,’’ तो म्हणाला, ‘‘तिने एक घाससुद्धा खाल्ला नाही.’’

त्याचा आवाज ऐकून मी थट्टा करायची थांबले. वाघीच्या कमरेची हाडं वर आली होती. कातडी दोन्ही बाजूंनी लोंबत होती. डोळे उघडेच होते. (पालीचे डोळे नेहमी उघडेच असतात बरं का! तिला पापण्या नसतात. डोळ्यांवर एक पारदर्शक कातडं असतं आणि ते ती जिभेने चाटून पुसते.)

खायला काय काय दिलं, याची यादी ऐकाल तर थक्क व्हाल. मऊ भात. दुधात भिजवलेला पाव. उकडलेल्या अंड्याचा बलक. मारलेल्या दोन माश्या. तिळगुळाची वडीसुद्धा! शेजारच्या एका दादाने तर सल्ला दिला होता, आगपेटीच्या काडीने तोंड उघड आणि ड्रॉपरने दूध सोड. नशीब, भाच्याचा हात धजावला नाही. पालीचा जबडा नाजूक असतो, जोर केला तर मोडतो. आणि तोंडात ओतलेलं दूध श्वासाच्या नळीत गेलं तर पाल तिथेच संपते. शिवाय दूध हे काही पालीचं अन्न नव्हे. तिची आई तिला दूध पाजत नाही. ती दोन पांढरी, टणक कवचाची अंडी कुठल्यातरी फटीत घालते आणि निघून जाते.

आजींचं म्हणणं वेगळंच होतं. आजी म्हणजे दाजींच्या आई. ‘‘ते जनावर विषारी असतं. आधी घराबाहेर काढा,’’ असा त्यांचा धोशा चालू होता. अंगावर पाल पडली तर काय होतं याची फळं काही पंचांगांत छापलेली असतात, ती त्यांना तोंडपाठ होती. आता आजींना उलट उत्तर कोण देणार? पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. आपल्या देशातली एकही पाल विषारी नाही. तिच्या अंगावर आणि विष्ठेत रोगजंतू मात्र असू शकतात. म्हणून पाल पडलेलं अन्न टाकून द्यायचं आणि पालीला हात लागला तर साबणाने धुवायचा. एवढं केलं की पुरे.

मग वाघी खात का नव्हती? शेपूट तुटल्याच्या दुःखाने? तेही नाही. पालीच्या शेपटीच्या मणक्यांत तुटण्यासाठी जागा ठरलेल्याच असतात. शत्रूने शेपूट धरलं की पाल ते सोडून देते. सुटलेलं शेपूट काही मिनिटं वळवळत राहतं, शत्रू त्याच्याकडे बघत बसतो आणि पाल पसार होते. पुढे नवं शेपूट येतं, पण त्यात मणके नसतात, कुर्चेची नळी असते. मात्र या युक्तीची किंमत मोठी आहे. पाल आपली चरबी शेपटीत साठवते. म्हणजे वाघीचा उपासाच्या दिवसांसाठी साठवलेला शिधा खिडकीच्या फटीतच राहिला होता. म्हणूनच अकरा दिवस ही गोष्ट गंभीर होती.

मी भाच्याला म्हटलं, ‘‘आपण इथे डोकं खाजवत बसण्यापेक्षा, ज्या पाली पोटभर जेवतात त्यांना बघून येऊ.’’

संध्याकाळी साडेसहाला आम्ही वाघेश्वराच्या देवळात गेलो. वाहनांचा धूर, भोंगे, भाजीच्या गाड्या यांतून वाट काढत आत शिरलो आणि एकदम बरं वाटलं. हवा गार व्हायला लागली होती. दर्शन घेऊन आम्ही आवारात एका दिव्यापासून आठ-दहा पावलांवर बसलो आणि वाट बघायला लागलो. भाच्याच्या हातात वही होती.

पहिली गोष्ट त्यानेच शोधली. तो दगडाला टेकून बसला होता. ‘‘मावशी, हात लाव. अजून गरम आहे!’’ खरंच होतं. काळ्या दगडाने दिवसभर ऊन पिऊन घेतलं होतं आणि सूर्य मावळल्यावरही ते जपून ठेवलं होतं. थोड्या वेळाने दोन दगडांमधल्या सांध्यातून एक पाल बाहेर आली. अर्धीच. तोंड बाहेर, धड आत. मग पूर्ण आली आणि पोट दगडाला चिकटवून निवांत पडून राहिली. दहा मिनिटं झाली तरी हलेना. भाचा म्हणाला, ‘‘ही पण जेवत नाही.’’

‘‘ती आधी शेकून घेते आहे,’’ मी म्हटलं.

आपण जेवलो की आपलं शरीर आपल्याच उबेवर अन्न पचवतं. पालीला ही सोय नाही. तिला ऊब बाहेरून घ्यावी लागते, दगडाकडून, भिंतीकडून, दिव्याकडून. शरीर गार असेल तर पोटातलं अन्न पचण्याऐवजी सडू लागतं. म्हणून गारठलेली पाल खातच नाही. तो तिचा हट्ट नसतो, शहाणपणा असतो!

एवढ्यात दिव्याभोवती एक पतंग घिरट्या घालायला लागला. तो भिंतीवर बसला. पाल ढिम्म. त्याने पंख फडफडवले मात्र, आणि पालीचं डोकं गर्रकन वळलं. एक पाऊल. थांबली. दुसरं पाऊल. थांबली. आणि मग असा झपाटा मारला, की आम्हाला फक्त तिच्या तोंडातून बाहेर राहिलेलं अर्धं पंख दिसलं. तेवढ्यात एक काका मोठ्याने बोलत दिव्याखालून गेले. पाल पतंगासकट फटीत गडप!

भाच्याने वहीत लिहिलं ते असं. ‘ऊब. फट. हलणारा किडा. माणूस नको.’ आणि मग तो एकदम गप्प झाला. त्याची बरणी मला डोळ्यांसमोर दिसत होती, त्यालाही दिसली असणार. थंडगार काच. लपायला काही नाही. मेलेल्या माश्या. वर ट्यूबलाइट, आणि शाळेतून आलेली, शेजारून आलेली, झाडून सगळी मुलं काचेला नाक लावून उभी!

आमच्या वाघीची ही अडचण जगात पुष्कळ जणांना पडते. अमेरिकेत आणि युरोपात बिबट्यासारखे ठिपके असलेली एक पाल हौसेने पाळतात. तिच्या कित्येक पिढ्या माणसाच्या घरात जन्मल्या आहेत, तरीसुद्धा नव्या घरी आली की ती बऱ्याचदा तोंडच उघडत नाही. तिथले लोकही आधी पिंजऱ्याची एक बाजू तीस-बत्तीस अंशांपर्यंत गरम आहे का ते बघतात, लपायला जागा देतात आणि काही दिवस तिच्याकडे बघायचं बंद करतात. तिचीच एक चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत रानात राहते. तिला मात्र पापण्या असतात, डोळे मिटून झोपते! ठिपके बघून लोक तिला विषारी समजतात आणि उगीच मारतात. तुम्हाला ती दिसली तर लांबून बघा आणि सोडून द्या. घरी आणायचा विचारसुद्धा नको. रानातले कितीतरी प्राणी पकडणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

घरी आल्यावर भाचा कामाला लागला. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे मासे मेलेली एक रिकामी काचेची पेटी पडून होती, ती त्याने मागून आणली. तळाला वर्तमानपत्र अंथरलं. फुटक्या कुंडीचं एक खापर उपडं ठेवलं, म्हणजे गुहा झाली. तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद चिकटवला. वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला. उबेचं काय करायचं? आजींची शेकायची रबरी पिशवी! मागायची कशी? ताईने ती हळूच काढून दिली. कोमट पाण्याने भरून, टॉवेलात गुंडाळून ती पेटीच्या अर्ध्याच भागाखाली सरकवली. अर्ध्याच भागाखाली का? म्हणजे गरम वाटलं तर वाघीला उठून गार बाजूला जाता येईल. किती ऊब हवी ते आपण ठरवायचं नाही, तिने ठरवायचं. भाच्याच्या प्रयोगाच्या पेटीत तापमापक होता. खोलीत सकाळी १७ अंश होते, खापराखाली २९.

पाण्याची वाटी ठेवली नाही. पाल वाटीतून पाणी पिण्यापेक्षा भिंतीवरचे थेंब चाटणं पसंत करते. म्हणून काचेच्या एका बाजूवर पाण्याचे शिंतोडे मारले. पाच मिनिटांत वाघी सरसर वर चढली आणि थेंब चाटायला लागली. अकरा दिवसांत ती पाणी प्यायली होती की नाही, कोण जाणे!

हो, काचेवर ती कशी चढते, हेही सांगायला हवं. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि पट्ट्यांवर अतिशय सूक्ष्म केस. ईशान्य भारतात टोके नावाची मोठी पाल असते, तिच्या एकेका पावलावर असे सुमारे पाच लाख केस आहेत. हे केस भिंतीच्या इतके जवळ जातात की अणुरेणूंमधल्या ओढीनेच पाऊल चिकटतं. डिंक नाही, ओलावा नाही, काही नाही! २००० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एकेका केसाची ताकद मोजून दाखवली.

आता जेवण. गॅलरीत केळ्याची साल ठेवली, तिच्यावर चिलटं जमली. जिन्यातल्या दिव्यापाशी छोटे पतंग मिळाले. मागच्या गवतात बोटाच्या पेराहून लहान नाकतोडे होते. नियम एकच ठेवला, किडा वाघीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. झुरळ द्यायचं नाही असं मीच ठरवलं. फवारा खाल्लेलं झुरळ पोटात गेलं तर पालीलाही विषबाधा होते, आणि मोठं झुरळ रात्रभर पेटीत राहिलं तर अशक्त पालीलाच चावतं.

पहिल्या रात्री दिवा मालवला, दार लोटलं. कोणी फिरकायचं नाही, असं ठरलं. सकाळी बघितलं तर चिलटं जशीच्या तशी. भाच्याचा चेहरा पडला. आजी म्हणाल्या, ‘‘मी सांगत होते.’’

दुसऱ्या दिवशी वाघी पांढुरकी, मळकट दिसायला लागली. भाचा घाबरला. मलाही वाटलं, संपलं आता. शंकेची पाल चुकचुकली म्हणतात ना, तसंच! पण ती मरत नव्हती, कात टाकत होती. ओठांपाशी कात सुटली, मग तिने ती दातांनी ओढून मोज्यासारखी उतरवली आणि चक्क खाऊन टाकली. साप कात टाकून निघून जातो, पाल ती वाया घालवत नाही. कात टाकायच्या आधी पाल एरवीही खात नाही. म्हणजे उपासाचं आणखी एक कारण सापडलं.

तिसरी रात्र. माझा तिथला शेवटचा मुक्काम. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावून आम्ही दोघं दाराच्या फटीतून बघत होतो. पाय दुखायला लागले. ताई दोनदा ‘‘झोपा आता’’ म्हणून गेली. पेटीत एक छोटा पतंग काचेवर फडफडत होता. खापराखालून वाघीचं तोंड बाहेर आलं. मग पुढचे दोन पाय. मग ती थांबली, इतकी थांबली की मला डुलकी आली. भाच्याने माझं मनगट घट्ट दाबलं म्हणून मी डोळे उघडले. पतंग नव्हता. वाघी जबडा चावत होती, एकदा, दोनदा, आणि मग तिने जिभेने स्वतःचा डोळा पुसला.

ओरडायचं नाही म्हणून भाचा तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाला आणि तिथे जाऊन उड्या मारल्या.

पण खाल्लं म्हणजे पचलं असं नाही. ती बातमी मला दोन दिवसांनी फोनवर कळली. ‘‘मावशी, शी केली! काळी लेंडी आणि टोकाला पांढरा ठिपका!’’ एवढ्या आनंदाने ही बातमी मला आजवर कोणी दिली नव्हती. तो पांढरा ठिपका म्हणजे पालीची लघवी बरं का. पाणी वाचवण्यासाठी पक्षी आणि सरपटणारे प्राणी ती अशी घट्ट करून टाकतात.

पुढे वाघी दोन-तीन दिवसांआड खात राहिली. आजींची पिशवी दर संध्याकाळी पेटीखाली जायची आणि रात्री उशिरा आजींच्या गुडघ्याला परत मिळायची. ‘‘त्या मेल्या पालीची ऊब उरली असेल तर द्या इकडे,’’ असं त्या म्हणायच्या. फेब्रुवारी संपता संपता रात्रीचा गारठा गेला, वाघीची कमरेची हाडं झाकली गेली आणि मागे एक जाडसर, गुळगुळीत, आखूड शेपूट फुटलं. मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी भाच्याने पेटी जिन्यात नेली, दिव्याखालच्या कठड्यावर आडवी ठेवली आणि मच्छरदाणी सोडली. वाघी बराच वेळ आतच बसली. मग भिंतीवर चढून थेट पाण्याच्या पाइपामागे गेली. मागे वळून वगैरे काही बघितलं नाही. पाली तसलं काही करत नाहीत.

जिन्यातला तो दिवा वॉचमनकाका नऊला बंद करायचे. आता आजींनी त्यांना सांगून दहापर्यंत चालू ठेवायला लावला आहे. कारण विचारलं तर म्हणतात, ‘‘पायऱ्या दिसत नाहीत मला.’’ गेल्या रविवारी भाच्याने तिथे मोजल्या, सात पाली. त्यातली एक तोकड्या शेपटीची होती. पण तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं, आणि सातही जणी पाइपामागे पळाल्या.